यवासव

आमच्या जर्मनीतल्या, गेर्लिंगेनच्या घरात एक अख्खा उन्हाळा ‘बिअर’ या शब्दाला बंदी होती. बिअरला नव्हती. ती तळघरात दोन मोठ्या पांढऱ्या पिंपांत दिवसरात्र गुळूक गुळूक करत असायची, आणि जिन्याचं दार उघडं राहिलं की तिचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचायचा. आई मग उदबत्ती लावायची. एरवी दिवसाला एक पुरायची, त्या उन्हाळ्यात तीन लागत. बंदी फक्त शब्दाला होती, कारण हा शब्द मराठीत, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये जवळजवळ सारखाच ऐकू येतो, आणि घरात आजोबा आले होते.

आधी बाबांची ओळख करून द्यायला हवी. बाबा टेकडीवरच्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते. अकरा वर्षं ते एकाच व्हॉल्व्हवर काम करत होते. तो व्हॉल्व्ह नेमका कुठे बसतो, हे त्यांनी मला जेवताना मीठदाणी आणि दोन चमचे मांडून अनेकदा समजावलं होतं. मला ते अजून कळलेलं नाही. मधे कंपनीने त्यांना वर्षभर इंग्लंडला पाठवलं. लोक तिथून चहा आणतात, स्वेटर आणतात. बाबा पेल एल नावाच्या तिकडच्या बिअरचं वेड घेऊन आले. जर्मनीत, जिथे दुकानात पाण्याच्या शेजारी पाण्याच्याच भावाने बिअर मिळते, तिथे हा माणूस ती घरी करायला लागला. “अहो, गोकुळात राहून दुधाची पावडर कशाला?” असं आई म्हणाली होती. बाबांनी तिला लेगर आणि एल यांतला फरक सांगितला. तिने तो कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ऐकून घेतला आणि मग भाजीला फोडणी दिली.

शनिवारी सकाळी हा सोहळा सुरू व्हायचा. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, गरम पाण्यात तासभर ठेवायचे. मग गाळायचं. त्या गोड पाण्यात हॉप्सची वाळकी हिरवी फुलं घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं, आणि दोन आठवडे हात न लावता थांबायचं. यातलं शेवटचं बाबांना कधी जमलं नाही. ते रोज झाकण उघडून बघत, चमचाभर चाखत, वहीत आकडा लिहीत आणि पुन्हा झाकण लावत. त्यामुळे आमची एल कायम थोडी कच्ची आणि थोडी आंबट असायची. बाबा म्हणत, हे तिचं वैशिष्ट्य आहे.

उकळायला आमच्या मराठी मंडळाचं पातेलं होतं. गणपतीच्या मसालेभाताचं ते पन्नास माणसांचं पातेलं आमच्या तळघरात असायचं, कारण इतरांची तळघरं लहान होती. एका वर्षी मसालेभाताला संत्र्याच्या सालीसारखा मंद वास आला, तेव्हा सगळ्यांनी आईला विचारलं की कोणता नवा मसाला वापरला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आरतीचं तबक उचललं.

मंडळातली काका मंडळी दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे यायची. मंडळात कुणीही पीत नसे, हे इथेच नोंदवते. ते टेस्ट करत. बाबांनी त्यासाठी तक्ते छापले होते: रंग, फेस, वास, चव, कडवटपणा, प्रत्येकी दहापैकी. जोशीकाकांनी एकदा कडवटपणाला दहापैकी अकरा दिले आणि सोफ्यावरच झोपले. आईला एकदा आग्रहाने तक्ता दिला, तर तिने ‘वास’ या रकान्यात ‘येतो’ असं लिहून परत केला. मला फक्त हुंगायची परवानगी होती. जर्मन कायद्याने सोळाव्या वर्षी बिअर पिता येते आणि मी सोळाची होते, पण आईचा कायदा निराळा होता आणि घरात तोच चालायचा.

हे सगळं बाबा सरकारला रीतसर कळवून करत होते, हा त्यांचा मोठा अभिमान. जर्मनीत घरी बिअर करायची तर कर पडत नाही, पण जकातवाल्यांना, म्हणजे त्सोलआम्टला, पत्र लिहावं लागतं. बाबांनी ते दोनदा लिहिलं होतं, एक पोहोचलं नाही तर दुसरं असावं म्हणून. त्सोलआम्टचं उत्तर त्यांनी फाईलमध्ये माझ्या जन्मदाखल्याच्या पुढच्या कप्प्यात लावलं होतं. साताऱ्यात राहणाऱ्या स्वतःच्या वडिलांना मात्र या गोष्टीचा गंधही लागू दिला नव्हता. जर्मन सरकारला माहीत आणि वडिलांना नाही, असा हा कारभार होता.

शेजारच्या हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ल्यांनाही माहीत होतं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, अस्सल श्वेबियन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या त्याच भागातले गृहस्थ. इमारतीसमोरचा रस्ता झाडायची पाळी, जिला तिकडे केरवोखे म्हणतात, ती दुसऱ्या कुणाची असली तरी शनिवारी झाडू घेऊन तेच उभे असायचे. बिअर म्हणजे पाणी, मॉल्ट, हॉप्स, यीस्ट. पाचवं काही पडलं तर ती बिअर नव्हे, हा तिकडचा जुना शुद्धतेचा कायदा ते कडक पाळत. आपल्याकडे सोवळं स्वयंपाकघरात असतं, त्यांचं ग्लासात होतं. बाबांच्या एलमध्ये पाचवं काही नव्हतं, पण ती इंग्लंडची होती आणि तिला फळांचा वास येत होता, एवढ्यावर ती त्यांना बाद होती. “ओब्स्टझालाट!” म्हणजे फळांची कोशिंबीर, असं ते कुंपणापलीकडून म्हणायचे. बिअर हा शब्द तिच्यासाठी त्यांनी कधी वापरला नाही. ते तिला गेब्रॉय म्हणत, म्हणजे काहीतरी उकळलेलं, काढाबिढा. तो काढा ते अख्खी बाटली संपवून मगच नापास करत आणि बाटली धुऊन परत आणून देत.

आता आजोबा. बाबांचे वडील. हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे थोरले भाऊ दारूपायी ऐन तिशीत गेले. घर, शेत, बायकोचे दागिने आणि शेवटी यकृत, या क्रमाने सगळं गेलं होतं. तेराव्याच्या दिवशी आजोबांनी आपल्या आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली की दारूचा थेंब कधी ओठाला लावणार नाही. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर छप्पन्न वर्षं त्यांनी ती पाळली. होमिओपॅथीच्या थेंबांत स्पिरिट असतं म्हणून ते तीही औषधं घेत नसत. लग्नात व्याह्यांच्या तोंडाला वास आला म्हणून भरल्या पानावरून उठलेले गृहस्थ ते. द्राक्षासव मात्र रोज घेत, दोन चमचे, तितकंच पाणी घालून, दोन्ही जेवणांनंतर. आसव आंबवूनच होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आसव औषधात मोडतं, ग्रंथात आहे, आणि ग्रंथात असलेल्या वस्तूला आमच्या घरी कुणी दारू म्हणत नाही.

आजी गेल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांनी मला विचारलं, “कशी आहेस, रेवा?” मी म्हणाले, “गुट.” मला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तोंडातून जर्मनमध्येच यायचं. (माझी मुलगी आता हेच करते आणि मी तिच्यावर रागावते.) आजोबांनी गाडीत बसायच्या आत ठरवलं की तीन महिन्यांत पोरीला मराठी बोलायला लावायचं. घरात मराठी पुस्तकं नव्हतीच, भिंतीवर एक कॅलेंडर होतं. म्हणून त्यांनी माझा पहिला धडा द्राक्षासवाच्या बाटलीवरच्या लेबलावरून सुरू केला. “द्राक्ष अधिक आसव. अ आणि आ मिळून आ. सवर्णदीर्घ संधी. म्हण.” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या न्याहारीच्या म्युस्लीच्या वाडग्यात डोकावून ‘यव म्हणजे सातू’ हेही शिकवलं.

बाबांनी ते तीन महिने कारखाना बंद ठेवायचं ठरवलं होतं. पण दोन पिंपं आधीच लागलेली होती आणि ती ओतून द्यायला त्यांचा हात धजेना. “तळघरात बाबा कशाला उतरताहेत?” ते आपल्या वडिलांबद्दल म्हणाले. अकरा वर्षं व्हॉल्व्ह तपासलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही की वॉशिंग मशीन तळघरात आहे, आणि आजोबा आपले कपडे आपण धुतात. नवव्या दिवशी ते बादली घेऊन खाली उतरले. मागे बाबा धावले, बाबांच्या मागे मी.

पिंपाच्या झाकणातल्या नळीतून बुडबुडे येत होते. आजोबा थोडा वेळ ते पाहत राहिले.

“अरविंद, हे काय?”

“ते... बाबा, ते म्हणजे, आल्झो...” जर्मनमध्येही ‘म्हणजे’ म्हणून झालं, पण बाबांना पुढचा शब्द सापडेना. आणि मी, जी महिनोन्‌महिने घरात मराठी वाक्य बोलत नव्हते, ती म्हणाले, “आसव आहे, आजोबा. यवाचं. यवासव.”

आजोबांनी बादली खाली ठेवली. “पुन्हा म्हण.”

“यवासव.”

“विग्रह?”

“यव अधिक आसव.”

“संधी कोणती?”

“सवर्णदीर्घ.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पिंपाकडे पुन्हा पाहिलंही नाही. “अरविंद, नऊ दिवस! नऊ दिवसांत पोरगी स्वतः संधी करायला लागली! माझ्या वर्गात चार-चार वर्षं बसून जमत नव्हती रे कुणाला.” मग त्यांनी वास घेतला आणि म्हणाले की हा तर लहानपणीच्या सातूच्या पिठाचा वास, गूळ-दुधात कालवलेल्या. “कशावर देतात हे?”

“पचनावर,” बाबा म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

वर आल्यावर बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “रेवा, काय बोललीस तू हे!”

“तुम्ही तर काहीच बोलला नाहीत,” मी जर्मनमध्ये म्हणाले. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. आई दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, “आता निस्तरा दोघं मिळून. आणि त्या शब्दाचं नाव काढायचं नाही कुणी.” तिथून बंदी लागू झाली.

आजोबांनी त्याच दुपारी जेवणानंतर दोन चमचे यवासव तितकंच पाणी घालून घेतलं. तोंड वाकडं केलं. “कडू आहे. म्हणजे गुण येणार.” आठ दिवसांत दोन चमच्यांची वाटी झाली. पुढच्या आठवड्यात पाणी घालायचं बंद झालं, कारण त्याने गुण पातळ होतो. श्रावण लागेपर्यंत फुलपात्र आलं. गुण खरोखर आला. आजोबांना गाढ झोप लागू लागली, गुडघ्यांची तक्रार थांबली, आणि संध्याकाळी ते बाल्कनीत उभे राहून स्तोत्रं जरा मोठ्याने म्हणू लागले. घरात आपण कुणाला फसवतो आहोत असं मला वाटेना. मला वाटे की आजोबा बरे होत आहेत.

आणि बाबाही. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी बाबांना आणि आजोबांना दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलताना कधी ऐकलं नव्हतं. फोनवर “तब्येत?” “बरी.” “पैसे पाठवू?” “नको.” आता ते दोघं तळघरात तास न्‌ तास असायचे. आजोबांनी उन्हाळी एलची चव घेऊन सांगितलं की यात नुसता कडवटपणा आहे, हे शरद ऋतूसाठी नीट करायला हवं, धने हवेत, सुंठ हवी, संत्र्याची साल हवी. बाबांनी सुंठ कांडली. आजोबा पातेल्यापाशी उभे राहून ढवळत आणि बाबा तापमान वाचून दाखवत. आणि आजोबांनी बाबांना झाकण उघडू दिलं नाही. “हात लावू नकोस. लहानपणापासून तुला धीर नाही. आंबू दे त्याला.” बाबा पन्नाशीला आले होते, पण हात मागे बांधून उभे राहिले. पुरे वीस दिवस त्या पिंपाला कुणी हात लावला नाही.

“सांगून टाकावं का गं त्यांना?” एकदा बाबांनी मला विचारलं. मी म्हणाले, कशाला, मजेत आहेत की. बाबांनाही तेच ऐकायचं असावं. ते म्हणाले, परत गेल्यावर सविस्तर पत्र लिहीन.

हेर बॉयर्ल्यांची आणि आजोबांची कुंपणाशी ओळख झाली आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. सुंठेचा वास येताच हेर बॉयर्ले लाल झाले. चार वस्तूंच्या वर पाचवी टाकणं हा गुन्हा आहे, आणि हे लोक सातव्या वस्तूपर्यंत गेलेत, असं ते बरंच काही बोलले. मी आजोबांना सांगितलं, “ते म्हणतात, सुंठ जपून घाला.” आजोबा खूष झाले. “जाणकार दिसतो. काय म्हणतो तो या आसवाला?” “गेब्रॉय,” मी म्हणाले. हे अगदी खरं होतं. “गेब्रॉय,” आजोबांनी घोकलं. मग मी त्यांना शुद्धतेच्या कायद्याची गोष्ट तो एक शब्द गाळून सांगितली तेव्हा ते म्हणाले, “हा माणूस सोवळ्याचा आहे. मला आवडला.” मी याचं भाषांतर ‘आजोबांना तुमचं झाडणं आवडतं’ असं केलं. दोघंही एकमेकांना नमस्कार करू लागले. बॉयर्ल्यांच्या सोवळ्यामुळे आमचं गुपित सुरक्षित होतं, कारण त्या काढ्याला बिअर म्हणायला त्यांची जीभ वळलीच नसती.

आजोबांच्या परतीला पाच दिवस होते, तेव्हा बाबांनी रविवारी दुपारी बागेत टेस्टिंग ठेवलं. शरद ऋतूचं यवासव. मंडळातली चार कुटुंबं, आईचे बटाटेवडे, आणि हेर बॉयर्ले. काकांना आधी फोन करून सगळं पढवलं होतं, आणि तेही ‘आसव’, ‘मात्रा’, ‘अनुपान’ असे शब्द वापरत फार सोज्वळपणे वावरत होते. हेर बॉयर्ल्यांनी आदल्या दिवशी कुंपणावरून आईला विचारलं होतं की ‘हे पेय फार छान आहे’ हे मराठीत कसं म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत एक तरी वाक्य बोलावं, अशी त्यांची इच्छा. आईने शिकवलं, ‘आहे’ आणि ‘नाही’सकट. शनिवारभर रस्ता झाडताना त्यांचं पाठांतर ऐकू येत होतं. “हे पेय,” झाडूचा फराटा, “फार छान,” फराटा, “आहे.”

रविवारी ते कोट घालून आले. बाबांनी आधी आजोबांचं फुलपात्र भरलं, मग त्यांचा ग्लास. रंग मधासारखा आला होता, फेस दाट होता. हेर बॉयर्ल्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घोट. मग त्यांनी ग्लास संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं, आणि काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पेय हा शब्द त्यांना अपुरा वाटत होता. पेय तर पाणीही असतं. आयुष्यभर सांभाळलेलं सोवळं बाजूला ठेवून ते एक पदवी द्यायला निघाले होते. त्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी पदवी नव्हती. ते उठून उभे राहिले. त्यांनी आजोबांकडे पाहून स्पष्ट, सावकाश मराठीत म्हटलं:

“आजोबा. हे गेब्रॉय नाही. हे बिअर आहे.”

“ही,” आजोबा म्हणाले. “ही बिअर आहे. स्त्रीलिंगी.”

चाळीस वर्षांच्या मास्तरकीने वाक्य आधी दुरुस्त केलं. अर्थ मागाहून आला. तो येताना मी पाहिला. आजोबांचं बोट वर उचललेलं होतं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, काकांनी जमिनीकडे पाहिलं. जोशीकाकांनी वडा तोंडात घातलेला होता, त्यांना तो चावताही येईना.

“अरविंद,” आजोबा म्हणाले, “हे काय होतं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मी वड्यांच्या ताटाकडे पाहत राहिले.

“बिअर, बाबा,” बाबा म्हणाले. “माझीच चूक आहे. रेवाला तसं म्हणायला मीच शिकवून ठेवलं होतं.”

आजोबांनी मला विचारलं, “तुला ठाऊक होतं का गं?” मला बोलता आलं नाही, मराठीत नाही आणि जर्मनमध्येही नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हिला काय कळणार,” ते म्हणाले, फुलपात्र गवतावर उपडं केलं आणि आत गेले. न्हाणीघरात बराच वेळ चूळ भरल्याचा आवाज येत होता.

हेर बॉयर्ले माझ्याजवळ आले. चेहरा पांढराफटक. “मी काही चुकीचं बोललो का?” मी म्हणाले, “लिंग चुकलं.” त्यांचा जीव भांड्यात पडला. खिशातून छोटी वही काढून त्यांनी बिअरपुढे स्त्रीलिंग लिहून घेतलं.

आजोबा तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिले. आरडाओरडा नाही, बाबांशी एक शब्द नाही. दार लोटून ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. मी पाणी घेऊन गेले की माझ्याशी बोलायचे. “आईला मी काय तोंड दाखवू आता वर गेल्यावर,” असं एकदा म्हणाले. ते मला नव्हतं विचारलेलं, पण मी ऐकलं आणि तांब्या ठेवून बाहेर पळाले. मी त्या दिवसांत पाच-सहा वेळा तरी खरं सांगायला म्हणून त्या दारापर्यंत गेले असेन. प्रत्येक वेळी पाणी देऊन परत आले. मी भित्री होते, याला दुसरा शब्द नाही.

विमानतळावर बाबा वाकले तेव्हा आजोबांनी पाय मागे घेतले. मला जवळ ओढून म्हणाले, “त्या घरात खरं बोलणारी तू एकटी आहेस. तशीच राहा.” बाबा शेजारीच उभे होते.

घरी आल्यावर बाबांनी उरलेली सगळी एल मोरीत ओतली. पिंपं विकली. पातेलं घासून जोशीकाकांच्या तळघरात ठेवून आले. आणि यापुढे आपण बिअर करणार नाही, असं त्सोलआम्टला रीतसर कळवलं. त्सोलआम्टने आभाराचं पत्र पाठवलं. बाबांनी ते फाईलला लावलं.

त्यानंतर आजोबांचा फोन दर रविवारी यायचा, माझ्यासाठी आणि आईसाठी. बाबांनी उचलला तर पलीकडून “रेवाला दे” एवढंच. पुढे बाबांनी उचलणंच सोडलं. फोन वाजला की ते पेपर घेऊन त्याच खोलीत बसत आणि पान उलटत नसत. एकदा मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, “मी सांगते आजोबांना. शब्द माझा होता. तुम्ही तर बोललाही नव्हतात.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “या वयात त्यांना विश्वास टाकायला कुणीतरी एक पाहिजे. मी काय, मुलगा आहे. माझ्यावर रागावतील, पण मला बदलून दुसरा थोडाच आणणार आहेत?” आणि ते हसले. ज्या माणसाची मी सोळा वर्षं थट्टा केली, आणि या प्रकरणातही आत्तापर्यंत केली, त्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली नाही; माझी मला वाटली.

दोन वर्षं अशी गेली. मी गार्चिंगच्या विद्यापीठात शिकायला गेले आणि महिन्यातून एकदा घरी येऊ लागले. अशाच एका रविवारी फोन आला. आजोबांचा आवाज थकलेला होता. मला आता सगळं मराठीत बोलता येत होतं, त्यांच्याचमुळे. हवापाणी झालं, माझी परीक्षा झाली. मग ते म्हणाले, “तुझा बाप अजून करतो का ते?”

“नाही, आजोबा. त्या दिवसानंतर एकदाही नाही. सगळं विकून टाकलं.”

“खरं?”

माझ्या ओठांवर ते सगळं आलं होतं. आसव कुणी म्हटलं, कुणी गप्प राहिलं, सगळं. बाबा समोर पेपर धरून बसले होते. मी सांगून टाकलं असतं तर माझ्या जिवावरचं ओझं उतरलं असतं. पण मग माझ्या शब्दाला काही किंमत उरली नसती, आणि या घडीला बाबांच्या बाजूने बोलायला माझ्या शब्दाशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

“खरं, आजोबा,” मी म्हणाले.

“तू सांगतेस म्हणजे खरंच असणार,” ते म्हणाले. “जवळपास आहे का तो? दे त्याला.”

मी फोन पुढे केला. बाबांनी पेपर खाली ठेवला, आणि उठून उभं राहून, दोन्ही हातांनी तो घेतला.